सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत, मग जमीन हलते कशी?

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांचा, कळव्याला राहतो, अंधेरीला अकाउंट्समध्ये जॉब करतो. पाच महिने झाले मला सतत चक्कर आल्यासारखं होतंय. म्हणजे खोली गोल गोल फिरत नाही, पण होडीत उभं असल्यासारखं वाटतं, पायाखालची जमीन किंचित हलतेय असं, आणि डोक्यात प्रेशर, कपाळापासून टाळूपर्यंत गच्च आवळल्यासारखं. सुरुवात घाटकोपरला झाली, मेट्रोकडे जाणाऱ्या पुलावर सकाळची गर्दी होती, एकदम छातीत धडधड, हातात मुंग्या, ओठ बधिर, वाटलं आता इथेच पडणार, एका काकांनी धरून बाजूला बसवलं. त्या दिवसापासून हे पूर्ण गेलंच नाही. फॅमिली डॉक्टर झाले, कानाचे झाले, न्यूरोवाले झाले, एमआरआय, ईसीजी, रक्त सगळं नॉर्मल. एका ठिकाणी मानेचा एक्स-रे काढून मणक्यात थोडी झीज आहे म्हणाले आणि पट्टा दिला. चक्करची गोळी अजून चालू आहे, घेतली की नुसती झोप येते. घरचे म्हणतात टेन्शन घेतोस म्हणून होतं. मी पहिल्यापासून घाबरट आहे हे खरं, दहावी-बारावीला पेपरच्या आधी उलट्या व्हायच्या, पण आता घरी शांत बसलेलो असतो तेव्हापण होतं, मग ते टेन्शन कसं? एमआरआयमध्ये काही सुटलं असेल का? रात्री झोपायच्या आधी मी ट्यूमरची लक्षणं वाचत बसतो. गर्दीच्या लोकलने जाणं बंद केलंय, कंपनीकडून वर्क फ्रॉम होम मागून घेतलंय, पण ते पुढच्या महिन्यात संपणार. काय करू?

उत्तर : अरे, सगळ्यात आधी हे ऐक, तुला जे होतंय ते खरोखर होतंय. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे तू उगाच करतोयस असं नाही, त्याचा अर्थ एवढाच की त्या तपासण्यांमध्ये जे दिसतं ते तुला नाहीये. एमआरआयमध्ये गाठ दिसते, रक्तस्राव दिसतो, सूज दिसते. पण मेंदू तोल सांभाळायचं काम कसं करतोय ते साध्या एमआरआयमध्ये दिसत नाही, आणि मला वाटतं तुझी अडचण तिथेच आहे.

पत्रावरून निदान करता येत नाही, ते तुला समोर बसवून तपासणाऱ्या डॉक्टरांनीच करायचं. पण तू जे लिहिलंयस ते पीपीपीडी नावाच्या त्रासाशी खूप जुळतं. पूर्ण नाव पर्सिस्टंट पोश्चरल पर्सेप्च्युअल डिझिनेस, कागदावर लिहून ठेव, डॉक्टरांना विचारायला उपयोगी पडेल. तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ, बहुतेक सगळे दिवस, हलल्यासारखं डुलल्यासारखं वाटणं, उभं राहिल्यावर चालल्यावर ते वाढणं, गर्दीत किंवा डोळ्यासमोर खूप काही हलत असलं की अजून वाढणं, आणि सुरुवात बऱ्याचदा एखाद्या ठरावीक झटक्याने होणं, मग तो कानाचा त्रास असो, मायग्रेन असो किंवा तुझ्यासारखा पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक येणारा भीतीचा झटका, असो. हे काही कालपरवा शोधलेलं फॅड नाही. १९८६ मध्ये जर्मनीतल्या ब्रांट आणि डीटरिश या डॉक्टरांनी अशाच पेशंटचं वर्णन वेगळ्या नावाने केलं होतं, पुढे २०१७ मध्ये तोल आणि कानाच्या तज्ज्ञांच्या बारानी सोसायटीने निकष ठरवले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, आता त्याला स्वतःची जागा आहे. तरीपण आपल्याकडे पेशंटला हे नाव कानावर पडायला बराच वेळ लागतो, तोपर्यंत तो चार दवाखाने फिरलेला असतो आणि प्रत्येक ठिकाणी "काही नाही, टेन्शन घेऊ नका" ऐकून आलेला असतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता हे होतं कसं ते समजून घे, कारण ते समजलं की निम्मी भीती तिथेच उतरते. आपला तोल तीन ठिकाणच्या माहितीवर चालतो, आतला कान, डोळे, आणि पाय-मान-सांधे यांच्याकडून येणारी खबर. मेंदू या तिन्हींची माहिती जुळवत असतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. त्या दिवशी पुलावर तुला जे झालं तो बहुतेक पॅनिक अटॅक होता. त्यात माणूस नकळत भराभर श्वास घेतो, शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, त्यामुळे मेंदूकडच्या रक्तवाहिन्या काही वेळ थोड्या आवळतात आणि डोकं हलकं, भोवंडल्यासारखं होतं. हातातल्या मुंग्या, बधिर ओठ हेपण त्याच श्वासामुळे. ऑक्सिजन कमी पडलेला नसतो, त्या क्षणी बोटाला ऑक्सिमीटर लावलास तर आकडा छान दिसेल. आणि पडण्याची जी भीती वाटते ना, पॅनिकमध्ये ब्लड प्रेशर सहसा वाढतं आणि माणूस बेशुद्ध पडतो ते बहुतेक वेळा प्रेशर घसरल्यामुळे, म्हणून पॅनिकमध्ये पडेन पडेन वाटणारी बहुतेक माणसं पडत नाहीत. (रक्त किंवा सुई बघून ज्यांना भोवळ येते त्यांचं वेगळं, त्यांचं प्रेशर खरंच घसरतं.)

अटॅक तर अर्ध्या तासात संपला असेल, पण मेंदूने तो प्रसंग पकडून ठेवला. पावसाळ्यात स्टेशनच्या ओल्या लादीवर एकदा सणसणीत घसरलेला माणूस पुढे कोरड्या लादीवरही पाय ताठ ठेवून, खाली बघत, कठडा धरत चालतो, तसंच तुझं झालंय. तोल जो आपोआप सांभाळला जायचा तो आता मेंदू मुद्दाम, लक्ष देऊन सांभाळतोय. पायाचे, मानेचे स्नायू आवळलेले, डोळ्यांवर गरजेपेक्षा जास्त भिस्त, त्यामुळे एरवी जाणवतही नाही असं शरीराचं बारीकसं डुलणं तुला जमीन हलल्यासारखं वाटतं. आणि डोळ्यांवर भिस्त म्हटल्यावर घाटकोपरचा पूल, समोरून येणारा लोंढा, मॉलचा सरकता जिना, मोबाईलवर भराभर स्क्रोल करणं, या सगळ्यात ते वाढणारच. घरी शांत बसलास तरी होतं याचं उत्तरपण हेच. त्या क्षणी तू टेन्शनमध्ये असण्याची गरज नाही, मेंदूची पहाऱ्याची ड्युटी चालूच असते. पहिल्यापासून घाबरण्याचा स्वभाव असला की ही ड्युटी लवकर लागते आणि उशिरा सुटते इतकंच. त्यामुळे घरच्यांचं "टेन्शन घेतोस म्हणून होतं" हे अर्धंच खरं आहे, आणि ते ऐकून तुला राग येतो ते अगदी बरोबर आहे.

डोक्यातलं प्रेशर बहुतेक टेन्शन टाइप हेडेकमध्ये बसेल, दोन्ही बाजूंना, आवळल्यासारखं, ठणकत नाही, चालल्याने जिना चढल्याने फारसं वाढत नाही. मान-खांदे-जबडा दिवसभर आवळून ठेवले की हे होतंच, दात दाबून बसतोस का ते लक्ष देऊन बघ. त्यासाठी रोज क्रोसिन-कॉम्बिफ्लाम सुरू करू नकोस. साधी पेनकिलर महिन्यात १५ दिवस किंवा त्याहून जास्त, मिश्र गोळ्या १० दिवस किंवा त्याहून जास्त, असं तीन महिन्यांच्या वर चाललं तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं.

एमआरआयमध्ये सुटलं असेल का, तर न्यूरोच्या डॉक्टरांनी तपासून नॉर्मल सांगितलंय, एमआरआय नॉर्मल आहे, लक्षणं पाच महिन्यांत नवीन काही न येता तशीच आहेत, तर पुन्हा एमआरआय करायचं मला काहीच कारण दिसत नाही. काही साध्या गोष्टी राहिल्या असतील तर तेवढ्या करून घे. आडवं झोपून आणि मग उभं राहून तीन मिनिटांत ब्लड प्रेशर मोजलंय का, वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरतो का. कानाच्या डॉक्टरांनी तुला पटकन आडवं करून, मान वळवून डोळे बघितलेत का, कारण कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागेवरून सरकले तर कूस बदलताना काही सेकंद गरगरतं आणि ते दवाखान्यातच मान विशिष्ट पद्धतीने फिरवून बरं करता येतं (तुझं वर्णन तसं नाही, पण दोन्ही एकत्र असू शकतात). मायग्रेनचा इतिहास विचारलाय का, कारण डोकं न दुखतासुद्धा मायग्रेनची चक्कर येते. बी-१२, थायरॉईड, हिमोग्लोबिन झालंय का. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घे, डोक्याच्या आत खरंच दाब वाढला असेल तर डोळ्याच्या नसेला सूज येते आणि ती तिथे दिसते. एकदा नीट हे झालं की तपासण्यांची फाईल बंद करून कपाटात.

मानेच्या पट्ट्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चोविसाव्या वर्षी एक्स-रेमध्ये दिसलेल्या थोड्या झिजेने पाच महिने होडीत बसल्यासारखं होत नाही. हातात कळ, बोटांत अशक्तपणा असं काही नसेल तर ज्यांनी दिला त्यांना विचारून पट्टा काढ. मान जखडून ठेवली की स्नायू अजून आखडतात आणि मेंदूला मान फिरवायची सवयच राहत नाही, जी नेमकी आपल्याला हवी आहे. चक्करच्या गोळीचंही तसंच. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन या गोळ्या जोराची गरगर असताना थोड्या दिवसांसाठी ठीक. महिनोन्‌महिने घेतल्या तर झोप येते, मेंदू तोल नव्याने शिकायचा तो शिकत नाही, आणि काहींना हात थरथरणं, हालचाल मंदावणं असे त्रास होतात. कुठली गोळी आहे ते बघून डॉक्टरांना बंद कशी करायची ते विचार.

मग उपाय काय. एक, व्हेस्टिब्युलर रिहॅब, म्हणजे तोलाचे व्यायाम, हे शिकलेले फिजिओथेरपिस्ट मुंबईत आहेत. नजर एका जागी ठेवून मान फिरवणं, चालताना मान वळवणं, हळूहळू वाढवायचं. सुरुवातीला चक्कर थोडी वाढते, ती वाढल्यामुळेच मेंदू शिकतो, म्हणून दोन दिवसांत सोडून देऊ नकोस. दोन, सीबीटी, ही बोलण्याची थेरपी, त्यात "आता पडणार" हा विचार आला की तू काय करतोस ते बदलायचं असतं. तीन, गरज पडली तर एसएसआरआय गटातली गोळी, डिप्रेशन-अँग्झायटीवर देतात ती, एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन अशी. पीपीपीडीमध्ये डिप्रेशन नसलं तरी या वापरतात, अगदी कमी डोसने सुरू करतात, पहिले काही दिवस मळमळ किंवा बेचैनी वाढू शकते, फरक कळायला काही आठवडे लागतात. त्या सायकियाट्रिस्टच लिहून देतील, मेडिकलवाल्याकडून स्वतः आणायच्या नाहीत. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या मन शांत करणाऱ्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांनी लगेच बरं वाटतं, म्हणूनच त्यांची सवय लागते, त्या रोजच्या रोज नकोत.

आणि चौथी गोष्ट तुझ्या हातातली आहे, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तू जे जे टाळायला लागलायस ना, लोकल, पूल, ऑफिस, त्यानेच हे टिकून राहिलंय. टाळलं की त्या दिवशी बरं वाटतं आणि मेंदूची खात्री पटते की तिथे धोका होताच. म्हणून परत जायचं, पण एकदम सकाळी साडेआठच्या फास्टमध्ये घुसायचं नाही. रविवारी दुपारी कळव्याहून स्लो पकडून फक्त ठाण्यापर्यंत जा, बसून, मग उभं राहून (दारात नाही, आत), खिडकीबाहेर बघत. ते जमलं की घाटकोपर, पुलावर गर्दी नसताना कठडा न धरता चालायचं, पायाकडे न बघता समोर बघायचं. चक्कर आली तर थांब, श्वास हळू सोड, आत घेतोस त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव, आणि ती पूर्ण जायची वाट न बघता पुढे चल. ती असतानाच चालता येतं हे शरीराला कळायला हवं. वर्क फ्रॉम होम संपतंय हे मला चांगलंच वाटतंय, फक्त पहिले दोन आठवडे ऑफिसची वेळ थोडी उशिराची मिळते का बघ. आणि रात्रीचं ते वाचन, आणि करत असशील तर घड्याळावर ठोके बघणं, आईला परत परत "मी ठीक दिसतोय ना" विचारणं, हे एकेक करून सोड. सकाळी चहा-खारीवर निघत असशील तर पोटभर खाऊन निघ, पाणी पी, झोपेची वेळ पाळ. साध्या गोष्टी आहेत, पण उपाशी पोटी धक्के खात उभं राहिलं की धडधाकट माणसालाही गरगरतं.

पैशांची अडचण असेल तर केईएम, सायन, नायर, कूपर इथे सकाळच्या ओपीडीत केसपेपर काढून कानाचा आणि सायकियाट्रीचा असे दोन्ही विभाग एकाच आवारात मिळतात. नुसतं बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मोफत, २४ तास, मराठीत बोलता येतं. बरं व्हायला काही महिने धर, मधे वाईट दिवस येतील.

एवढं सगळं सांगितल्यावरही काही गोष्टींत थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल. आयुष्यातली सगळ्यात जोरदार डोकेदुखी एका क्षणात सुरू झाली, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, दोन-दोन दिसायला लागलं, एका कानाने अचानक ऐकू येईना, ताप येऊन मान ताठ झाली, फिट आली, किंवा धावताना जिना चढताना शुद्ध गेली. झोपेतून उठल्या उठल्या डोकेदुखी आणि उलट्या रोज होत असतील तर तेही लवकर दाखवायचं.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझी मुलगी १९ वर्षांची, दादरला कॉलेजात आहे. उठून उभी राहिली की डोळ्यासमोर अंधारी येते, डोकं जड म्हणते, धडधडतं म्हणते. स्वभावाने फार काळजी करणारी. पाळी जास्त जाते, गुरुवारचा उपवास करते, एरवीपण डब्यातलं निम्मं परत आणते. आमच्या डॉक्टरांनी अँग्झायटीची गोळी लिहून दिली आहे. द्यावी का?

उत्तर : ताई, गोळी द्यायच्या आधी तिचं रक्त तपासलंय का ते मला सांगा, तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. पाळी जास्त जाते, खाणं कमी, उभं राहिल्यावर अंधारी, यात पहिला संशय रक्त कमी असण्याचा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर मुलींमध्ये ॲनिमिया धरतात, आणि ते १२ च्या वर असलं तरी शरीरातला लोहाचा साठा संपलेला असू शकतो, म्हणून फेरिटिनही करा. शाकाहारी असाल तर बी-१२. ॲनिमियात हृदय जोरात धडधडतं, दम लागतो, हात गार पडतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते हुबेहूब घाबरल्यासारखं दिसतं. मुलगी काळजी करणारी आहे म्हटलं की तिच्या प्रत्येक त्रासावर अँग्झायटीचा शिक्का मारला जातो, हे मला अजिबात मान्य नाही.

दुसरी तपासणी घरीपण करता येईल अशी. तिला पाच-दहा मिनिटं आडवं झोपवा, नाडी मोजा, मग उभं करून दहा मिनिटांपर्यंत दर दोन मिनिटांनी मोजा, जवळ कोणीतरी उभं राहा. या वयात ठोके ४० किंवा त्याहून जास्त वाढून तसेच राहत असतील आणि ब्लड प्रेशर घसरत नसेल तर पॉट्स नावाचा त्रास असू शकतो, तो फिजिशियनला दाखवा, पण आधी रक्त आणि पाण्याचं बघा, कारण त्यांच्या कमतरतेनेही ठोके वाढतात. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ. लोहाची गोळी सुरू झाली तर चहासोबत देऊ नका, चहाने लोह नीट शोषलं जात नाही, लिंबूपाण्यासोबत चालेल. या सगळ्यानंतरही काळजी, धडधड राहिली तर अँग्झायटीचे उपचार जरूर करा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त क्रम हा असू द्या. उपवासाबद्दल तिच्याशी भांडू नका, त्या दिवशी नुसत्या साबुदाण्याऐवजी दूध, दाणे, राजगिरा, खजूर असं काही पोटात जाईल एवढं बघा.

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांची, बोरिवलीहून लिहितेय. वर्षभर एस्सिटालोप्राम चालू होती, खूप बरं वाटत होतं, म्हणून या आठवड्यात मनानेच बंद केली, लग्न ठरलंय आणि सासरी कळायला नको होतं. आता डोळे इकडून तिकडे फिरवले की डोक्यात करंट लागल्यासारखं होतं, चक्कर येते, रडू येतं. आजार परत आला का?

उत्तर : इतक्या लवकर आजार परत आला असं सहसा नसतं गं, हे गोळी एकदम बंद केल्यामुळे होतंय. डोक्यातले ते करंट, चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, हे सगळं एसएसआरआय अचानक थांबवल्यावर काही दिवसांत सुरू होतं आणि ते ओळखीचं आहे, मेंदूला इजा होत नाही. बहुतेक वेळा डॉक्टर गोळी परत सुरू करून मग काही आठवड्यांत किंवा महिन्यांत थोडी थोडी कमी करतात, पण तो डोस तू स्वतः ठरवू नकोस.

सासरचं म्हणशील तर कुणाला काय सांगायचं हा निर्णय तुझा. होणाऱ्या नवऱ्याशी तरी बोलावं असं मला वाटतं, कारण गोळी लपवून घ्यायची म्हटलं की ती चुकते, आणि चुकली की हेच करंट परत. मूल लवकर हवं असेल तर तेही डॉक्टरांना आत्ताच सांग, गोळ्या चालू ठेवायच्या की बदलायच्या ते त्यावरून ठरतं. मनात कधी जीव द्यायचे विचार आले तर अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस, लगेच १४४१६ ला फोन कर किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. नाहीतर उद्या सकाळी तुझ्या सायकियाट्रिस्टला फोन लाव, आणि गोळी किती मिलिग्रॅमची होती, शेवटची कुठल्या तारखेला घेतलीस, हे दोन्ही आधी कागदावर लिहून मगच बोल.